न पाहिलेलं पाणी

आमच्या घरापासून नदीतल्या शेवटच्या पट्टीपर्यंत बाबांची सोळाशे चाळीस पावलं होत आणि माझी एकोणीसशे दहा. मी ती एकदाच मोजली असती तर विसरलेही असते, पण मी ती कित्येक उन्हाळे मोजली. मोजायची सवय मला तेव्हापासून आहे. आजही सिलिंडर लावल्याची तारीख मी कॅलेंडरवर लिहिते, डाळ डब्यात ओतण्याआधी तोलते आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते शिडी चढून डोळ्यांनी पाहते. पाणी असेलच, असं मी समजत नाही. आमचे हे म्हणतात, "अगं, काल भरली आहे, कुठे जाणार?" मी तरी चढते. यांना वाटतं हा माझा स्वभाव आहे. स्वभाव नाही तो, त्याला कारण आहे. ते मी आजवर घरात सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी पट्ट्या म्हणजे काय ते सांगते. आमच्या गावाखाली वैनगंगेच्या काठापासून पात्रात उतरत गेलेले पाच खांब होते. त्यांवर पांढऱ्या रंगात काळे आकडे काढलेले, सेंटिमीटरचे. नदीचं पाणी किती आहे ते रोज सकाळी आठ वाजता पाहून नोंदवहीत लिहायचं, हे बाबांचं काम. पावसाळ्यात ते तासातासाला जात, उन्हाळ्यात दिवसातून एकदा. महिन्याच्या शेवटी नोंदवहीच्या पानाची नक्कल तालुक्याच्या कचेरीत जाई. गावात त्यांना सगळे 'पट्टीवाले भाऊ' म्हणत. उन्हाळ्यात पाणी इतकं खाली जाई की चार पट्ट्या वाळूत उघड्या पडत आणि पाचवीच तेवढी पाण्यात राही. तिच्यापर्यंत गुडघाभर पाण्यातून चाळीसेक पावलं चालत जावं लागे.

घर दोन खोल्यांचं. माय पहाटे उठून आंगण शेणानं सारवे, मग चूल पेटवून काळा चहा ठेवी. न्याहारीला रात्रीचा भात फोडणी देऊन, सोबत जवसाची चटणी. दुपारी अंबाडीची भाजी किंवा लाखोळीचं वरण, आणि बाजाराच्या दिवशी सुके झिंगे, म्हणजे कोळंबी. झिंगे भाजल्याचा वास तीन घरं जाई. बाबा नोंदवही पत्र्याच्या पेटीत ठेवत. पट्टीवरून आल्यावर त्या पेटीची कडी खणकन वाजली की साडेआठ झाले असं माय समजे. आमच्या घरात घड्याळ एकच होतं आणि ते बाबांच्या मनगटावर होतं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत जात असे. काठाकाठाने करंज आणि कहू म्हणजे अर्जुनाची झाडं, मध्येच बेशरमीची झुडपं, खाली रुंद, सुस्त नदी. ती वाहते आहे हे पाण्यावर पान दिसलं तरच कळे. बाबा फार बोलत नसत. टिटवी ओरडली की थांबत, तिची अंडी कुठे पायाखाली तर येत नाहीत ना ते पाहत आणि मग पुढे निघत.

पट्टीशी पोचल्यावर त्यांची एक रीत होती. ते लगेच आकडा वाचत नसत. कमरेवर हात ठेवून नुसते उभे राहत. आपण चालत आलो की आपल्याबरोबर लाट येते, ती पट्टीवर आदळून दोन-तीन आकडे वरखाली होते. ते वीसपर्यंत मोजत, पाणी निवू देत, मग वाकून डोळा पाण्याच्या बरोबरीला आणत आणि वाचत. "आपण आणलेली लाट मोजाची नाई, नंदा," ते मला म्हणत. "नदीचं पाणी मोजाचं."

दिवाळीनंतर पाणी उतरलं की पट्ट्यांच्या अलीकडे, वळणाआड, पात्रातल्या वाळूवर मासेमार ढिवरांच्या डांगरवाड्या बसत. टरबुजं, खरबुजं, काकड्या. वाळूत ओळीने खड्डे खणायचे, त्यात शेणखत घालायचं, बी लावायचं आणि शेजारी गवताची झोपडी बांधून राखण करायची. पाणी जसं उतरेल तशी खालची ओल उघडी पडे आणि तिथे नवी ओळ लागे. पाण्याची कड पाहून ते ठरवायचं म्हटलं तर फसगत होई, कारण सपाट वाळूत कड वाऱ्यानेही पुढेमागे होते. म्हणून डांगरवाडीवाले बाबांच्या पट्टीवर भिस्त ठेवत. सेंटिमीटर त्यांना कळत नसे, म्हणून बाबांनी दोन सेंटिमीटरचं एक बोट धरलं होतं. परत येताना ते काठावरून आवाज देत, "अर्धं बोट उतरलं हो!" आणि खालून कोणीतरी हात वर करी. कोणी टरबूज देऊ केलं तर बाबा घेत नसत. फारच आग्रह झाला तर उन्हाने तडकलेलं घेत.

सगळ्यात खालची वाडी भिवराकाकीची होती. काकी म्हणजे नात्याची नव्हे, गावाची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. खालची वाडी राखणं सगळ्यांत अवघड, पण ओलही तिथेच चांगली, म्हणून फळ मोठं धरे. तिचा दीर झिंगरूभाऊ वरच्या अंगाला होता. त्याच्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्याला ती खालची वाडी मुलासाठी हवी होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. काकीने एकदा चहात साखरेऐवजी मीठ टाकलं, ती गोष्ट त्याने पारावर चार दिवस सांगितली. "वहिनीले दिसत नाई आता. एखाद्या दिवशी नदीतच घर करन ते." काकी त्याला उत्तर देई, "तुह्या चहात जानूनच टाकलो होतो रे. चव कशी वाटली?" आणि लोक हसत. पण तिच्या उजव्या डोळ्यात पांढरा ठिपका दिसू लागला होता, हेही खरं.

माझी दहावीची परीक्षा झाली आणि त्याच आठवड्यात बाबांना हिवताप आला. थंडी भरून आली की खाट हले. अकरा दिवस ते उठले नाहीत. पट्टीवर जायचं माझ्याकडे आलं. घरात आकडे मलाच चांगले येत. गणितात मी शाळेत पहिली होते आणि ते मला फार माहीत होतं. पहिले तीन दिवस मी नीट गेले. लाट बसू दिली, वीस मोजले, वाकले, वाचलं. तिसऱ्या दिवशी एक मीटर चौतीस होतं.

त्याच दिवसांत मोह फुलला होता. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना कसं सांगू. गावाच्या दुसऱ्या अंगाला, जंगलाच्या कडेला मोहाची झाडं, आणि पहाटे खाली जमीन पिवळसर पांढरी. सगळ्या बायका, मुली टोपल्या घेऊन पहाटेच जात, उन्हं तापायच्या आत, आठ-साडेआठला वेचून परत. माझी मैत्रीण पुष्पी येऊन म्हणाली, "चाल न वो. सगळ्याच येऊन राह्यल्या, तूच काऊन नाई?" मी म्हटलं, आठला पट्टीवर जायचं असतं. ती म्हणाली, "नदी का पळून चालली?"

नदी पळून चालली नव्हती. मी आदल्या वर्षीची नोंदवही काढून त्या महिन्याचे आकडे पाहिले. रोज एक सेंटिमीटर उतार, मधूनच दोन. एक, एक, दोन, एक, एक, एक, दोन, एक. मला वाटलं, मला नदीचं गुपित सापडलं. नदी इतकी सुस्त, की तिला पाहायची गरज नाही, वजाबाकी पुरे. मी आळस केला असं मला तेव्हा वाटलंही नाही. मी हुशारी केली असं वाटलं.

चौथ्या दिवसापासून मी मोह वेचायला गेले. सलग आठ दिवस. परत येताना टोपली पुष्पीकडे देऊन, शाळेजवळच्या हापशीवर थांबून मी सलवार गुडघ्यापर्यंत ओली करत असे आणि मग घरी येत असे. बाबा खाटेवरून विचारत, "लाट बसू देली?" मी म्हणत असे, "हो बाबा." मग पेटीची कडी काढून मी आकडा लिहीत असे. माझं अक्षर बाबांच्या अक्षरासारखंच होतं. खोटं बोलले याहून, ती सलवार मी किती काळजीने भिजवली, एक पाय जास्त ओला तर होत नाही ना हे पाहिलं, त्याची लाज मला जास्त वाटते.

असं करून सहावा दिवस होता. मी हापशीवरून निघाले तर पारापाशी डांगरवाडीवाले जमलेले. भिवराकाकी उभी होती, पायाला ओली रेती. समोर झिंगरूभाऊ आणि त्याचा मुलगा.

"हे पाहा, नंदाच आली," झिंगरूभाऊ म्हणाला. "इचारा तिले."

काकी माझ्याजवळ आली. "नंदे, पानी चढून राह्यलं का नाई? म्या काडी रोवली हाय, खाच पाडून. खाचेच्या वर दोन बोटं पानी हाय. खड्ड्यात पाझर येते माह्या."

माझ्या वहीत त्या दिवसाचा आकडा मी पहाटेच ठरवून ठेवला होता. एक मीटर सत्तावीस. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि सांगितलं, "नाई काकी. साडेतीन बोटं उतरलं."

"साडेतीन?"

"हो. पट्टीवर."

झिंगरूभाऊने मांडीवर थाप मारली. "घ्या! सरकारी पट्टीवर उतरलं अन् वहिनीच्या डोळ्यात चढलं!" सगळे हसले. त्याचा मुलगा म्हणाला, "मोठीमाय, काडी उलटी त नाई रोवली?" पुन्हा हसले. मीही हसले. थोडंच, पण हसले.

काकीने हसण्याकडे लक्ष दिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती, डोळे बारीक करून. मग डाव्या हाताने तिने आधी एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि पाराच्या मागच्या झाडाकडे पाहिलं. "मंग माहे डोळेच गेले म्हनाचे," ती म्हणाली. रागाने नव्हे. आपल्या घरातली एखादी वस्तू हरवल्याचं आत्ताच कळावं तसं.

पाणी उतरतं आहे या माझ्या शब्दावर झिंगरूभाऊच्या मुलाने त्याच दिवशी काकीच्या वाडीखाली अकरा खड्ड्यांची नवी ओळ लावली. काकीची झोपडीही त्याने घेतली. डोळे दाखवून आल्याशिवाय वाडीत पाय ठेवायचा नाही, असं दिराने तिला सांगितलं, आणि तिने ऐकलं. चार माणसांना तोंडावर उत्तर देणारी बाई गप्प काठावर बसू लागली. मोह वेचून येताना मला ती लांबून दिसे. मी वाट बदलत असे. तेवढं मात्र मला कळत होतं.

बाराव्या दिवशी बाबा उठले. माय नको म्हणत असताना काठी घेऊन निघाले. मी सोबत जाते म्हटलं तर म्हणाले, "तू बस, थकली असशील रोज जाऊन." ते परत आले तेव्हा मी तांदूळ निवडत होते. त्यांनी पेटी उघडली, नोंदवही काढली आणि बराच वेळ पान पाहिलं. आदल्या दिवशीचा माझा आकडा एक मीटर चोवीस होता. त्यांनी आजचा लिहिला, एक मीटर अडतीस. चौदा सेंटिमीटर. सात बोटं. वर कुठल्याशा धरणातून पाणी सोडलं असावं. ते चढत होतं हळूहळू, आपल्या सुस्त चालीनं, आणि मी त्याला रोज उतरवत होते.

"कोन्त्या दिवसापासून?" त्यांनी विचारलं.

"चौथ्या."

त्यांनी माझे आठही आकडे एकेका सरळ रेघेने खोडले, खालचा आकडा वाचता येईल असे. शेऱ्याच्या रकान्यात आठ वेळा लिहिलं, 'प्रत्यक्ष वाचन नाही', आणि आठ वेळा सही केली. मी म्हटलं, बाबा, माझं नाव लिहा. ते म्हणाले, "सरकारात तुहं नाव नाई. माहं हाय." ते तापातून आजच उठले होते, पण रेघा सरळ होत्या. पुढे कचेरीतून त्यांना ताकीद आली. त्यांच्या उभ्या नोकरीत तेवढं एकच पत्र. ते त्यांनी पेटीतच ठेवलं, लपवलं नाही, मला दाखवलंही नाही. ते गेल्यावर पेटी आवरताना मला सापडलं.

"भिवरावहिनीले जाऊन सांग," एवढंच ते मला म्हणाले.

मी गेले. मी सांगितलंही. पण काय सांगितलं ते लिहिते: "काकी, माझी वाचण्यात सात बोटांची चूक झाली. पाणी चढलंच होतं." मी गेलेच नव्हते हे सांगितलं नाही. चूक हा शब्द किती सोयीचा आहे ते मला तेव्हा कळलं. घरी बाबांनी विचारलं, सांगितलं का? मी म्हटलं, हो.

काकीने जे केलं ते माझ्या स्वप्नातही आलं नसतं. तिला माझी काळजी वाटली. "एवढुशी पोर, अन् सात बोटाचा फरक? तुह्याबी डोळ्यात काई हाय वं माय. माह्यावानी नको होऊन बसू." दोन दिवसांनी तालुक्याच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं. ती तिथे जाणारच होती. आता मलाही घेऊन जाणार म्हणाली. मी नाही म्हणू शकले नाही. मायने डब्यात भात-चटणी दिली. बसमध्ये काकीने मला खिडकीशी बसवलं, वारा लागावा म्हणून, आणि वाटेत कंडक्टरलाही सांगितलं, "पोरीचे डोळे दाखवाले चाललो."

शिबिरात भिंतीवर तक्ता होता, वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा. काकीला अक्षरं येत नसत, तर डॉक्टरीणबाईंनी तिला तीन दातांच्या फणीसारखी चिन्हं दाखवली आणि दात कोणीकडे आहेत ते विचारलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डाव्या डोळ्याने तिने शेवटून दुसरी ओळ बरोबर सांगितली. "एक डोळा चांगला आहे आजी, लांबचं तर छानच दिसतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. मग माझी पाळी. काकी माझ्या पाठीशी उभी राहिली, खांद्यावर हात ठेवून. मी एखादी ओळ मुद्दाम चुकवू शकले असते. ते मनात आलं होतं, हेही लिहून ठेवते. पण मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"हिला कशाला आणलंत? हिचे डोळे उत्तम आहेत."

"पट्टीचे आकडे चुकते न बाई ते. सात बोटं चुकली."

"मग डोळ्यांमुळे नाही चुकली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं.

खांद्यावरचा हात निघाला.

परतीची बस आम्हाला फाट्यावर सोडून गेली. तिथून गाव नदीकाठाने, आमच्या पट्ट्यांवरूनच. ऊन उतरलं होतं. काकी पुढे, मी मागे. बगळे उथळ पाण्यात उभे होते, चौदा. मी पावलं मोजत होते आणि तीनशेच्या पुढे मला मोजता येईना. "काकी," मी म्हटलं, "मी गेलीच नव्हती. आठ दिवस. मोह वेचाले गेली होती. आकडे मनाने लिहिले."

ती थांबली, पण वळली नाही. "हापशीवर पाह्यलं होतं तुले," ती म्हणाली. "सलवार भिजवून राह्यली होतीस. म्हनलं, नाई, आपल्यालेच बरोबर दिसत नसन."

मला तेव्हा रडू आलं नाही. रडले असते तर तिने समजूत काढली असती, आणि तिने ती काढू नये असं मला वाटत होतं.

डांगरवाडीत झिंगरूभाऊ, त्याचा मुलगा आणि आणखी चार-पाच जण होते. खालची अकरा खड्ड्यांची ओळ पाण्यात बुडून सडली होती. काकी म्हणाली, "बोल." मी बोलले. पट्टीवर गेले नव्हते, काकीची काडी बरोबर होती, तिचा डावा डोळा चांगला आहे असं डॉक्टरीण म्हणाली. झिंगरूभाऊ म्हणाला, "पट्टीवाल्या भाऊची पोरगी, अन् हे?" मला शिवी दिली असती तर सोसली असती. त्याच्या मुलाने खाली मान घालून झोपडीतलं आपलं अंथरूण गुंडाळलं. काकीने आत जाऊन आधी चूल पाहिली, मग सडलेले वेल उपटायला घेतले. मी हात लावायला वाकले तर म्हणाली, "राहू दे. तू सकाळी पट्टीवर जा."

बाबांच्या अंगात अजून ताकद नव्हती, त्यामुळे दुसऱ्या सकाळी मीच गेले. एकोणीसशे दहा पावलं. पाण्यात उतरले, पट्टीशी उभी राहिले, वीसपर्यंत मोजून पुन्हा वीस मोजले, वाकले, वाचलं. परत येताना काठावरून आवाज दिला नाही. खाली उतरून काकीच्या वाडीत गेले. ती बसूनच होती. मी तोंड उघडण्याआधी तिने हात पुढे केला आणि माझ्या सलवारीचं ओलं टोक चिमटीत धरलं. बोटं एकमेकांवर घासली. हापशीच्या पाण्याला रेती नसते.

त्यानंतर माझं लग्न होईपर्यंतच्या प्रत्येक उन्हाळ्यात, बाबांऐवजी जेव्हा जेव्हा मी पट्टीवर गेले, तेव्हा तिने हेच केलं. प्रेमाने बोले, तडकलेलं खरबूज बाजूला काढून ठेवी, माझ्यासाठी आलेल्या स्थळांची चौकशी करी, पण आकडा ऐकण्याआधी हात पुढे येई. मला त्याचा राग कधी आला नाही. मी आपणहून पाय पुढे करत असे.

"रेती हाय," ती म्हणे. "आता सांग."